वडिलांना पटवायचं कसं, त्याआधी त्यांना सांगायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी मला काय समजलंय ते लिहिते, म्हणजे चुकत असेल तर तुम्ही दुरुस्त कराल. वडील ६२ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्ह्यात गावीच राहतात. वर्षभरापूर्वी उजव्या हाताची पकड गेली, मग डावा पाय ओढायला लागला. पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टनी मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एएलएस, असं निदान केलं. आता बोलणं जड झालंय, चहा पिताना ठसका लागतो, वजन उतरलंय. डॉक्टरांनी अन्नासाठी पोटातून नळी आणि रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) सुचवलंय आणि वडील दोन्हीला ठाम नाही म्हणतायत. भाऊ शेताचा तुकडा विकून स्टेम सेलसाठी बाहेरगावी न्यायचं म्हणतोय. आणि वडिलांना घरच्यांनी आजवर एवढंच सांगितलंय की नसांचा अशक्तपणा आहे, हळूहळू भरून येईल. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: त्यांच्याकडे किती दिवस आहेत, आणि नळीसाठी त्यांना पटवायचं कसं?

मी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी, डॉक्टर आहे. कोल्हापूर-सांगली भागात घरोघरी जाऊन पेशंट बघते, त्यात या आजाराचेही बरेच असतात. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाचा डोस, नळी नेमकी कधी, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तुमचा प्रश्न जिथे अडलाय ती जागा मला ओळखीची आहे.

ज्या माणसाला आजार बरा होणार आहे असं सांगितलंय, तो पोटाला भोक कशाला पाडून घेईल? तुम्ही दिलेल्या माहितीवर त्यांनी काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. त्यांना हट्टी म्हणू नका. पटवण्याचा प्रश्न नंतरचा. आधी त्यांना त्यांचा आजार कळला पाहिजे, आणि तोही लवकर, कारण या आजारात बरेचदा बोलणं आधी जातं आणि निर्णय नंतर येऊन उभे राहतात. आज ते जड का होईना, बोलतायत. ही मुदत फार मोलाची आहे.

कळलं तर खचतील, अशी भीती प्रत्येक घरात असते. माझा अनुभव असा की बहुतेकांना अंदाज आलेला असतो. दर महिन्याला एकेक गोष्ट हातातून निसटतेय, शर्टाचं बटण, पेन, जिना, आणि घरचे म्हणतायत बरं होईल. शिक्षक माणसाला हे गणित जुळत नाही हे कळतं. ते गप्प बसतात, कारण तुम्ही गप्प आहात. मग दोन्हीकडून नाटक सुरू राहतं आणि सगळ्यात एकटा पडतो तो पेशंट.

सांगायचं म्हणजे सगळं एका बैठकीत ओतायचं नाही. आधी विचारा. "आप्पा, तुम्हाला काय वाटतं, हे काय होतंय?" (तुम्ही त्यांना ज्या नावानं हाक मारता तीच मारा.) मग थांबा. त्यांचं बोलणं आता संथ झालंय, वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो, मध्येच त्यांचा शब्द पुरा करू नका. ते काय म्हणतात त्यावरून पुढचं. "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का, की थोडं थोडं?" काही जण म्हणतात, सगळं सांग. काही म्हणतात, तुम्ही बघा काय ते. दुसरं उत्तरही चालतं, पण ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्हाला जमणार नाही असं वाटत असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे फक्त बोलण्यासाठी वेळ मागा आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत वडिलांना बसवा. आपल्याकडे पेशंट बाहेर बाकावर आणि मुलगा-मुलगी आत अशी पद्धत पडलीय, ती या आजारात फार नुकसान करते.

त्यांना कळायला हवं ते साध्या भाषेत असं. मेंदूतून आणि मणक्यातून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून स्नायू वाळतात. स्पर्श, वेदना, दिसणं, ऐकणं शाबूत राहतं. लघवी-शौचावरचा ताबाही बहुतेकांचा राहतो. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते. बुद्धी बहुतेकांची चांगली राहते, पण सगळ्यांची नाही: काहींच्या स्वभावात, निर्णयशक्तीत फरक पडतो. पूर्वी कधी नव्हता असा बेफिकीरपणा किंवा विचित्र हट्ट दिसत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मग निर्णयांची पद्धत बदलावी लागते. अचानक हुंदके देऊन रडणं किंवा अवेळी हसू फुटणं हे मात्र वेगळं. तो आजाराचाच भाग आहे, त्यावर औषध आहे.

किती दिवस? पहिल्या लक्षणापासून साधारण दोन ते पाच वर्षं असं बहुतेकांचं असतं. दहातला एखादा दहा वर्षांपुढे जातो. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले. हे उदाहरण प्रत्येक घरात निघतं, पण ते अगदी विरळ आहे. ज्यांचा घसा किंवा श्वास लवकर धरला जातो त्यांचा वेग सहसा जास्त असतो. मी घरच्यांना तारीख देत नाही. गेल्या तीन महिन्यांत काय काय गेलं ते लिहून काढा. पुढचे तीन महिने साधारण त्याच चालीनं जातील असं धरून तयारी करा. वडिलांनी विचारलं तर त्यांनाही असंच सांगा.

आता नळी आणि मशीन. दोन्हीतलं कुठलंही आजार थांबवत नाही. रिलुझोल ही ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात, तीही आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनीच वाढवते. ती जरूर घ्या, मधूनमधून लिव्हरची तपासणी करून. पण दिवस कसे जातील यात जास्त फरक पडतो तो अन्न आणि श्वास यांनी.

श्वासाचं आधी लिहिते, कारण ते हमखास निसटतं. हे पेशंट धाप लागली असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात, उताणं झोपवत नाही, उशा वाढवा. रात्रभर कूस बदलत राहतात, सकाळी डोकं जड असतं, दिवसा पेपर वाचता वाचता डुलक्या लागतात. श्वासाचे स्नायू थकल्यामुळे रात्री रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून हे होतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९६ दाखवून घरच्यांना निश्चिंत करतं. आणि इथेच एक धोका आहे. गावातल्या दवाखान्यात कुणीतरी ऑक्सिजन सिलिंडर लावून देतं. हवा आत-बाहेर करायची ताकदच कमी असताना नुसता ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो, माणूस गुंगीत जातो. निदानाचा कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: 'एएलएसचा पेशंट, ऑक्सिजन देण्याआधी रक्तातल्या वायूंची तपासणी करा.'

बायपॅप मास्कमधून श्वासाला आधार देतं. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, घशाचे स्नायू बऱ्यापैकी चालू असलेल्या पेशंटचं आयुष्य त्यानं साधारण सात महिन्यांनी वाढलं, आणि झोप सुधारली. घसा पार गेलेल्यांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, थोडा आराम मात्र मिळाला. म्हणजे लवकर सुरू करण्यात अर्थ आहे. पहिले आठ-दहा दिवस मास्क नकोसा होतो. दुपारी जागेपणी, टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय करा, मग रात्री. मशीन भाड्यानं घेऊन बघता येतं. तुमच्याकडे लाइट जाते, तेव्हा इन्व्हर्टर मशीनसोबतच घ्या, नंतर नाही.

पोटातल्या नळीबद्दल लोकांच्या मनात नाकातली नळी असते, म्हणून ते घाबरतात. पेग ही वेगळी. एंडोस्कोपीनं पोटावर छोटं छिद्र पाडून बसवतात, शर्टाखाली दिसतही नाही. तोंडानं खाणं बंद करायची सक्ती नाही: पाणी, औषधं आणि पोटभरीचं नळीतून, आणि चवीपुरतं आमरसाचं बोट तोंडात, असं माझे कितीतरी पेशंट करतात. अट एवढीच की ती वेळेत बसवावी. फुप्फुसांची क्षमता ५० टक्क्यांच्या खाली गेली की भूल आणि आडवं झोपणं जोखमीचं होतं. तुमच्या फाइलमध्ये एफव्हीसी नावाचा आकडा असेल, तीच ही क्षमता, तो बघा. आणि बसवल्यावर कधी नळी निसटून आली तर सकाळची वाट बघू नका, ते छिद्र काही तासांत बुजायला लागतं. लगेच दवाखाना गाठा.

तोवर खाणं सांभाळा. सगळ्यात जास्त ठसका पातळ पदार्थांनी लागतो: पाणी, चहा, पातळ आमटी. दुसरा नंबर भुग्याचा: फरसाण, कुरमुरे, कोरडे पोहे. आमटीत कुस्करलेली भाकरीसुद्धा फसवी असते, पाणी आधी घशात उतरतं आणि तुकडा मागे राहतो. एकजीव, दाट, ओलसर असं द्या: तूप घालून मऊ खिचडी, नाचणीची दाट खीर, शिकरण, दह्याचा चक्का. पाण्याला केमिस्टकडची थिकनर पावडर. सरळ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे, टीव्ही बंद, आणि खाताना कुणी प्रश्न विचारायचा नाही. वजन उतरू देऊ नका, या आजारात तूप-साय वाढवायला मी सांगते. जेवण पाऊण तासाच्या वर चालत असेल तर घासाघासाला त्यांची ताकद खर्च होतेय असं समजा. पेगची वेळ जवळ आल्याची ही माझी घरगुती खूण आहे.

एवढं समजून घेऊनही ते नको म्हणाले तर? तर नको. नळी न घेता, मशीन न घेता जगायचं ठरवलेल्या माणसांची काळजी आम्ही घेतो, धाप आणि अस्वस्थपणा कमी करायला थोड्या डोसात मॉर्फिनही देतो आणि त्यांचा शेवट घुसमटत होऊ नये यासाठी औषधं घरी तयार ठेवतो. समजून दिलेला नकार तुम्हाला पाळावा लागेल. आता घाई आहे ती फक्त समजावून सांगण्याची.

व्हेंटिलेटरचं याच वेळी बोलून घ्या. बहुतेक घरांत हा निर्णय कुणी घेतच नाही: रात्री दोनला धाप लागते, अँब्युलन्स येते, आयसीयूत घशात श्वासाची नळी पडते आणि मग ती काढायची कुणी, यावरून भावंडांत वाद होतात. काही जण विचार करून गळ्याला छिद्र आणि २४ तास व्हेंटिलेटर स्वीकारतात, तोही मान्य करण्यासारखा निर्णय आहे, पण त्याला घरात रात्रंदिवस माणसं आणि पैसा लागतो. नको असेल तर लेखी ठेवा. अनेक वर्षं भानाविना पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा कृत्रिम आधार थांबवण्याची वाट किलकिली केली, ९ मार्च २०१८ च्या निकालानं लिव्हिंग विलला, म्हणजे कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. त्यात आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव घालता येतं. एक प्रत नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे द्यायची असते. इंजेक्शन देऊन आयुष्य संपवणं याच्यात येत नाही, ते आपल्याकडे बेकायदाच आहे. नातेवाईकांचा इथे गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

सहीचाच विषय निघालाय तर: उजवा हात गेलाय, तेव्हा बँकेत आत्ताच जाऊन या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा अंगठा, हाताचा जमत नसेल तर पायाचा, दोन साक्षीदारांसमोर चालतो. त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. मृत्युपत्रावर त्यांच्या समोर, त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणी सही केली तरी कायद्याला चालते. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचंही शाखेत विचारून ठेवा.

भावाबद्दल. शेत विकू नका. हे मी अगदी ठामपणे लिहितेय. आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर स्टेम सेल हे मान्य उपचारच नाहीत. एएलएससाठी ते फक्त मंजूर चाचणीत देता येतात, आणि अशा चाचणीत पेशंटकडून पैसे घेतले जात नाहीत. कुणी लाखांत पॅकेज सांगत असेल तर त्याला मंजूर चाचणीचा कागद मागा. पण भावाशी भांडू नका. तो काहीतरी करायला धडपडतोय. त्याला काम द्या, आणि काम भरपूर आहे.

पहिलं काम संडासाचं. माझ्याशी मोकळेपणी बोललेल्या बहुतेक पुरुष पेशंटना मरणापेक्षा जास्त भीती कसली वाटते, तर आपल्याला कुणीतरी धुवायचं याची. वडिलांना आज खाली बसून उठता येत नसेल तर कमोड, त्याची उंची वाढवणारी सीट, बाजूला दांडी आणि पाण्याचा जेट बसवा. जेटमुळे हात न वापरता बऱ्याच गोष्टी होतात आणि काही महिने त्यांचे ते राहतात. नाडीच्या लेंग्याऐवजी इलॅस्टिक किंवा लुंगी. उठवताना हाताला धरून किंवा काखेतून कधीच ओढायचं नाही, वाळलेल्या स्नायूंचा खांदा निसटतो आणि तो फार दुखतो. कमरेला जुनं धोतर घट्ट गुंडाळा, त्याला धरून उठवा. आणि मदत लागेल तेव्हा ती कुणाची चालेल हे त्यांनाच विचारा. मुलीनं करू नये, मुलगा किंवा बाहेरचा पगारी मदतनीस चालेल, असं बरेच जण म्हणतात. सांगितल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. "आप्पा, आता डावीकडे वळवतो," एवढं बोलून मग वळवायचं.

दुसरं काम बोलण्याचं, आणि हे वडिलांनीच करावं असं मला वाटतं. आपली वर्णमाला या कामाला फार सोयीची आहे. पुठ्ठ्यावर क, च, ट, त, प अशा ओळी मांडायच्या. समोरच्यानं ओळीचं पहिलं अक्षर म्हणायचं, हवी ती ओळ आली की पेशंटनं डोळे वर करायचे, मग त्या ओळीतली अक्षरं, मग काना, मात्रा, वेलांटी. 'पाणी' लिहायला सुरुवातीला दोन मिनिटं लागतात, सरावानं खूप कमी. आयुष्यभर पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावलेल्या माणसाला हा तक्ता कसा असावा ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल. त्यांना आत्ताच मांडू द्या. कडेला तयार वाक्यं हवीत: कूस बदला, लाळ पुसा, हात सरळ करा, खाज येतेय, डास. डास गमतीत लिहीत नाहीये. स्पर्श पूर्ण शाबूत असतो आणि हात उचलत नाही, तेव्हा गालावर बसलेला एक डास रात्र खराब करतो. मच्छरदाणी लावाच. आणि त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा, आज, नातवंडांची नावं घेताना, एखादी कविता म्हणताना.

तिसरं, अपंगत्वाचा दाखला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार येतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, जिल्हा रुग्णालयात ते बसून जाऊ शकतायत तोवर जाऊन या. तिथेच पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का तेही विचारा. ही सेवा फक्त कॅन्सरवाल्यांची असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण ती यांच्यासाठीही आहे.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की तीच भरवते आणि तीच रात्री उठते. साठीच्या बाईला हे वर्षभर झेपणार नाही. आठवड्यातल्या दोन रात्री भावाच्या, निदान एक तुमची, आणि त्या रात्री आईनं दुसऱ्या खोलीत झोपायचं, हे या रविवारीच ठरवा. पुढे लिहाल तेव्हा मला चार गोष्टी कळवा: सध्याचं वजन आणि सहा महिन्यांपूर्वीचं, एफव्हीसीचा आकडा, रात्री किती उशा लागतात, आणि "हे काय होतंय असं वाटतं" या प्रश्नावर वडील काय म्हणाले.